अर्धा इंच माया

सव्वानऊला बाजार उघडतो.
मी साडेआठलाच आईच्या कटिंग टेबलाची
अर्धी बाजू मागून घेतो,
चिंध्या सरकवतो, लॅपटॉप ठेवतो,
वहीत तारीख घालतो.

विक्रोळी, कन्नमवार नगर, तळमजला.
उरलेल्या अर्ध्या बाजूला आई.
तिच्या मशीनची टकटक आणि माझ्या माउसची:
शेजारच्या कर्णिकबाईंना वाटतं
इथे एकच धंदा चालतो.

कुठे घ्यायचं, ते नंतर.
कुठे चुकलो म्हणायचं, ते वहीत आधी.
भांडवल दोन लाख. एका सौद्यात गेले तर दोन हजार.
स्टॉपलॉस आठ रुपये खाली.
दोन हजार भागिले आठ, अडीचशे शेअर.
दोनशे एक्कावन्नावा शेअर घेणारा
दुसराच कोणीतरी, माझ्या चपला घालून बाहेर पडलेला.
दिवसात दोनदा मार खाल्ला की दुकान बंद.

हा भागाकार मला एक्केचाळिसाव्या वर्षी आला.
त्याआधी नुसती छाती होती.
ब्रोकरने पाचपट मार्जिन दिलं,
मला वाटलं, माझी लायकी बघून दिलं.
एका एक्स्पायरीला स्टॉपलॉस हाताने खाली ओढला,
मग आणखी खाली,
तापल्या पोराच्या उशाशी बसून
थर्मामीटर झटकत राहावं तसा.
अकरा मिनिटं.
माझे गेलेच. वर ओव्हरलॉक मशीनसाठी
तिने साठवलेले सव्वीस हजार.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिने विचारलं, "माया किती सोडली होतीस?"
मला वाटलं, पैशांचं म्हणते.
ती शिलाईचं म्हणत होती.
शिवणीपलीकडे अर्धा इंच, आत दुमडलेला,
कोणाला न दिसणारा,
अंग भरलं तर सोडायला.
"काठोकाठ कापतोस," म्हणाली, "म्हणून फाटतं."
आणि पुढची दोन वर्षं
ब्लाउजच्या कडांना हातानेच टाके घालत राहिली.

आज पहिला सौदा नऊ बावन्नला गेला.
दुसरा दहा एकतीसला,
आणि तिथून भाव पाच पैसे खाली आला नाही.
उठला, पाठ झटकली,
आणि वहीतल्या माझ्या आकड्याकडे
चालू लागला, मला न घेता.
तिसरा सौदा म्हणजे भांडण,
आणि समोर कोणी नसतं. माहीत आहे.
तरी कर्सर त्या बटणावर होता.
किती वेळ, ते सांगत नाही.

"ओवून दे रे," आई म्हणाली.
सुई उजेडाकडे धरली.
तिसऱ्या खेपेला दोरा गेला.

स्टुलावर बोभाटेकाकू बसल्या होत्या.
भाचीच्या लग्नाला जुनाच शालू नेसायचा,
त्यावरचा ब्लाउज होईना.
चोवीस वर्षांपूर्वीचा, आईनेच शिवलेला.
आईने ब्लेडने बगलेखालची शिवण उसवली,
कड उलगडली.
वरचं कापड धुऊन धुऊन विटकरी,
आणि आत अर्धा इंच
डाळिंबी.
ऊन न लागलेलं.
काकूंनी त्यावरून नुसतं बोट फिरवलं.

मी लॅपटॉप मिटला.
वहीत लिहिलं: उणे चार हजार, दोन्ही सौदे नियमात.
दुपारी दीडला भाव माझ्या आकड्याला शिवून आला.
फोनवर पाहिलं. पाहायचं नव्हतं.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तसा दिवसभर तिथेच जात राहिलो.

पाच वाजता ओव्हरलॉकवाल्याला फोन केला.
"एकतीस," म्हणाला, "वाढलेत."
वहीच्या मागच्या पानावर सव्वीस खोडलं,
एकतीस केलं,
शेजारी थोडी जागा सोडली.