वगळा

महाप्यात माझं ऑफिस जाहिराती मोजतं.
कुणी किती सेकंद पाहिली, बोट कुठे थबकलं,
कुठल्या पिनकोडात गुडघे जास्त दुखतात,
सगळं असतं आमच्याकडे, रकान्यांत.
माझ्या स्वतःच्या फोनवर मात्र एकही जाहिरात येत नाही.
हलवायाच्या घरचं माणूस पेढा खात नाही,
तसं समजा.

कोमल म्हणते, पाठलाग करतात मेले,
एकदा चप्पल बघितली तर महिनाभर चप्पल मागे.
फैजान नवा आहे, तो अडवत नाही.
म्हणतो, फुकट जेवायला बसलोय
तर यजमानाचं भाषण ऐकावं माणसानं.
मला विचाराल तर
अनोळखी कुणी नावानं हाक मारलेली मला सोसत नाही.

आईच्या फोनवरही बसवायला गेलो,
तिनं फोन पदराखाली घेतला.
"नको र. ऱ्हाऊ दे.
तेवढंच कोनीतरी इचारतं, गुडघं कसं हायत."

हसलो. ऑफिसात सांगितलंही.

मग एका रविवारी पाहिलं,
ती गॅलरीत बसून भजन लावते
आणि भजनात तिचं लक्ष नसतं.
मधेच एक हात येतो पडद्यावर,
कढईत मिरच्या परततो.
"घरचा आगरी मसाला, पावशेरापासून घरपोच."
मनगटावर भाजल्याची जुनी खूण.
ती खूण मला माहीत आहे.
होळीला मीच ढकललं होतं तिला.

जागृती.
दहिसर मोरीला दिलेली माझी बहीण.
साडेबारा टक्क्यांतला भूखंड, त्यावर ही इमारत,
आणि त्याआधी एक हक्कसोड.
पेनाचं टोपण काढून ती एवढंच म्हणाली होती,
"माझंच नाव का वगळायचं?"
मग सही केली. जेवली नाही.
नंतर तिचे फोन येत राहिले, रात्रीचे.
मी नंबर ब्लॉक केला.
सोपं असतं ते. बोटाचं काम.

त्या रात्री माझ्या फोनवरचा अडसर मी काढला
आणि वाट बघत बसलो.
खारघरचे फ्लॅट आले, टक्कलावरचं तेल आलं,
सात मिनिटांत कर्ज आलं.
दोन वाजले. ती आली नाही.
तिच्याच पैशांवर चालणाऱ्या यंत्रानं ठरवलं होतं,
हा तिचं गिऱ्हाईक नव्हे.
काय चुकलं त्याचं?

आईकडे मात्र येते. दिवसातून सात-आठदा.
आई दरवेळी बोट लावते, पान उघडतं,
आत पाच फोटो, एकात चेहरा, तोही अर्धा.
तो दोन बोटांनी मोठा करते.
"बारीक झाली र पोर."
मग मागे येते, भजन पुन्हा लावते, वाट बघते.

तिला कसं सांगू,
त्या प्रत्येक बोटाचे आठ रुपये
जागृतीच्या खात्यातून जातात.
रोजचे दोनशे टाकत असेल ती, फार तर.
आई संध्याकाळपर्यंत
साठ रुपयांची लेक बघते.

आणि तिकडे तिच्या पडद्यावर उमटत असेल:
घणसोली. स्त्री. पासष्टच्या पुढे.
बघतात, घेत नाहीत.
एखाद दिवशी वैतागून ती वय बदलेल,
पासष्टच्या पुढचे वगळेल.
बरोबर आहे.
असंच शिकवतो आम्ही.

आज मसाला मागवावा म्हणून
व्हॉट्सअ‍ॅप उघडलं.
अर्धा किलो, एवढंच लिहायचं होतं.
खाली ओळ आली,
संदेश पाठवण्यासाठी आधी अनब्लॉक करा.
अंगठा तिथंच राहिला, लोंबत.

गॅलरीतून आई ओरडली,
"आली बग, आली!
ये लवकर,
पाच शेकंदात जाल ती."