डब्यावरचं नाव

ग्रिम्सबी. नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लागलेत.
खोली क्रमांक अकरा, हीटर एकाच अंगानं गरम.
समोर टीगन, आणि टीगनचा निबंध:
‘माझे आजोबा आणि समुद्र’.

पहिल्याच ओळीत लाटा अथांग.
दुसरीत वारा खारट आठवणींनी ओथंबलेला.
शेवटी आजोबा
एका मावळत्या युगाचे मूक साक्षीदार.
स्पेलिंगची एक चूक नाही.
आणि ही मुलगी स्वतःच्या रस्त्याचं नाव
दर वेळी नव्या तऱ्हेनं चुकवते.

कुठल्या बोटीवर होते गं आजोबा?
बोटीवर? छे, मिस.
आपल्याकडे म्हणतात तशी
बोट लागते त्यांना.
ते धुरीघरात होते, सळयांवर हॅडॉक टांगायचे,
सदतीस वर्षं.
कोट अजून जिन्याखाली आहे,
आजी वर आणू देत नाही.
आणि हे बोट,
तिनं स्वतःचं दुमडून दाखवलं,
हे इथपर्यंतच आहे त्यांचं.

मग हे का नाही लिहिलंस?

खांदे उडाले.
‘यात काय आहे लिहिण्यासारखं?’

भिंतीवर शाळेचा तक्ता: लाल, पिवळा, हिरवा.
यंत्राला काय विचारायचं, काय नाही.
चोरी पकडणारं सॉफ्टवेअर म्हणतं, टीगन ब्याण्णव टक्के.
तेच सॉफ्टवेअर डोमासला एक्क्याऐंशी देतं,
जो दोन वर्षांपूर्वी लिथुआनियातून आला,
शब्दकोश मांडीवर घेऊन लिहितो,
ज्याचं वाक्य न् वाक्य
मी माझ्या डोळ्यांदेखत उमटताना पाहिलंय.
मी लॅपटॉप मिटला.

‘मिस, तुमच्या डब्यावर ते काय खरवडलंय?’

ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
कुमुदिनी बेलवलकर, १४-५-८१.
तुमचं नाव?
नाही. शेजारच्या काकूंचं.
इचलकरंजीत त्यांनी यातून करंज्या पाठवल्या होत्या,
परत करायचा राहिला,
मग मी विमानात बसले
आणि डबाही.
म्हणजे ढापलात!
हो. पण नाव घासून काढलं नाही.
या गावात ते वाचणारं कुणी नाही,
तरी नाही.

ती डब्यावरून नख फिरवत राहिली.
मला वाटलं, झालं, पोचलं.
उपदेशाला एवढा छान दाखला
रोज कुठे सापडतो?

पण पोटात दुसरंच काही ढवळत होतं.

सांगितलं तिला.
ऑक्टोबरमधले प्रगतिअहवाल,
एकतीस मुलांचे, रात्री पावणेबाराला,
मी लिहिले नाहीत.
नावं घातली, गुण घातले, बटण दाबलं.
‘टीगन वर्गात उत्साहानं सहभागी होते
आणि तिची जिज्ञासा प्रेरणादायी आहे.’

ती बराच वेळ गप्प.
मग हळूच,
‘आईनं ते फ्रिजवर लावलंय.’

हीटर टकटकत होता.
तक्त्यावरचा लाल कुणासाठी आहे,
हे दोघींनीही विचारलं नाही.

सोमवारी तिनं दीड पान आणलं, हातानं लिहिलेलं.
युगबिग काही नाही.
कोटाच्या खिशात निघालेला बसचा पास,
आणि आजोबा कणीक मळतात तेव्हा
पिठात उमटणारी साडेचार बोटं.
शेवटी रेघ मारून, बारीक अक्षरात:
धूर किती तास देतात ते यंत्राला विचारलं.
आजोबा म्हणाले, साफ चूक.
मी आजोबांचं ठेवलंय.

‘साफ’ची स्पेलिंग चुकलेली. मी हात लावला नाही.

आता रात्रीचे अकरा.
एकतीस कोरे कागद.
एकतिसांपैकी कितींचा आवाज मला आठवतो,
ते मोजायला मी धजत नाही.
सगळ्यात वर तिचा.
‘टीगनला’
एवढंच लिहून झालंय.