घरी कोणी नसताना

सकाळी पावणेआठ. दुहेरी कुलपाचं कपाट.
एक किल्ली माझ्याकडे, दुसरी शहारे सिस्टरच्या कमरेला.
फेंटानिलच्या चार कुप्या, मोजून, सही करून.
बाहेर मे महिना नागपूरला तव्यावर धरून बसलेला,
आत अठरा अंश, आणि नत्थूजी हेडाऊ,
राहणार तांडापेठ, वय एकसष्ट, वजन अठ्ठेचाळीस,
दोन चादरींखाली कुडकुडत.

तोंड उघडतं एक बोट.
चाळीस वर्षांच्या खर्र्यानं गाल आतून चामड्यासारखा,
डाव्या जबड्यावर सुपारीएवढी सुरू झालेली गाठ
आता लिंबाच्या पुढे गेलेली.
त्या एका बोटाच्या फटीतून ते विचारतात,
"मी वरडीन का जी, बाई?
माहा भाऊ लय वरडे. काटोलले होता.
चार महिने. भिंतीले डोकं आपटे.
गोळी नागपुरात भेटते म्हनत,
पन कागद पायजे, शिक्का पायजे.
शिक्का आला तेरवीच्या दिवशी."

मी म्हणते, नाही ओरडणार.
हे खरं आहे. पुरतं खरं नाही.

झोप वेगळी, दुखणं वेगळं.
झोपेचं औषध माणसाला घराबाहेर काढतं,
दुखणं तरी येतच राहतं, टपालासारखं,
कडी वाजवतं
घरी कोणी नसताना.

नऊ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर पाठराबे
मानेवर पहिली रेघ ओढतात
आणि पडद्यावर बहात्तरचे एकशे चौदा होतात.
पट्टी लावलेल्या उजव्या डोळ्याच्या कडेतून
एक थेंब कानाकडे निघतो.
नत्थूजी इथे नाहीत. मग कोण रडतंय?
शिकत होते तेव्हा हे मी सरांना विचारलं होतं.
सर म्हणाले, डोस बघ.

मी डोस बघते.
कुपीची मान मोडते. एक मिली, सावकाश.
पन्नास मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कण असेल तेवढं.
त्यांचं टपाल मी घेते, त्यांच्या वतीनं.
एकशे चौदा. शहाण्णव. ऐंशी.
थेंब कापसानं टिपते.
त्याला रजिस्टरात रकाना नाही.

मग आरी. जबड्याचं हाड कापताना
जळक्या नखासारखा वास येतो.
हाताखालची पोरं बोलत असतात,
संध्याकाळी सावजीत जायचं का, पैसे कोण देणार.
मी आकड्यांवरून नजर काढत नाही.

साडेचारला हिशेब.
तीन कुप्या पूर्ण, चौथीतलं अर्धं उरलं.
शहारे सिस्टर साक्षीला उभ्या राहतात,
मी ते सिंकमध्ये सोडते. नियम आहे.
दोघींच्या सह्या. शिल्लक शून्य.
या सिंकपासून काटोलची ती भिंत
साठेक किलोमीटर.

रात्री गुंगीत त्यांचा उजवा हात
चादरीवर घासत राहिला, पुढे-मागे, पुढे-मागे.
नर्सला वाटलं, दुखतंय.
ते खर्रा घोटत होते.

दुसऱ्या दिवशी गळ्यात नळी, हातात पाटी.
पोरगा उशाशी उभा.
पहिलं वाक्य तिरकं, काना-मात्रा सांडलेलं:
कूलर मदे पानी टाकल का

मी वाकून विचारलं, दुखतंय का, नत्थूजी?
त्यांनी पाटी पुसली नाही.
त्याच ओळीवर बोट ठेवलं,
आणि पोराकडे बघितलं.