गाळामुळे घट

चापडगावच्या फाटकाशी वही होती, दोरीला बांधलेलं पेन.
नाव, गाव, मोबाईल, सोबत किती माणसं.
शेवटचा रकाना: येण्याचं कारण.
तो मी कोरा ठेवला.
चौतीस वर्षांच्या नोकरीत
एकही रकाना कोरा सोडला नव्हता.

होडी चपटी, इंजिन नाही. आवाज चालत नाही इथे,
सुगंधा बेंडकुळे म्हणाली, आणि दुसरं वल्हं माझ्याकडे दिलं.
"मारायचं नाही, काका. नुसतं ढकलायचं."
माघातलं ऊन. द्राक्षबागांवरून फवारणीचा वास,
मग पाणकणसं दोन्ही अंगांनी सरकत आली
आणि तो वासही काठावरच राहिला.

पक्षी ती बोटाने दाखवत नव्हती, हनुवटीने:
हळदीकुंकू. थापट्या.
तो खुंटावर पंख वाळवत बसलेला तिरंदाज.
जांभळी पाणकोंबडी आपले एवढाले पाय
पाणवेलीवर असे उचलून टाकत होती
जसं आतल्या खोलीत तान्हं बाळ झोपलंय.

मला हे पाणी वेगळं माहीत होतं.
पाटबंधारे, टेबल नंबर चार.
दर उन्हाळ्यात इथली मोजमापं यायची,
मी ती शाईने उतरवायचो
आणि लाल रेघेखाली: गाळामुळे घट.
दरसाल घट.
बंधारा जुना, दगडी; आणि गोदावरी, कादवा
दोघी माहेरून निघाल्यासारख्या
ओटी भरभरून माती आणणार.
साहेब माझ्यावर चिडायचे,
जणू रात्री मीच पाट्या ओतून येतो.

गाळ काढायचा प्रस्ताव तीनदा पाठवला.
तिसऱ्यांदा तर अक्षरही सुवाच्य.
तीनदा परत आला. शेवटच्या वेळी
मी दोन दिवस घरी कुणाशी बोललो नव्हतो.

"किती खोल असेल गं?"
(मलाच यायला हवं होतं, दोन दशांशांपर्यंत.)
तिनं वल्हं खाली रोवलं, हात सोडला.
ते उभंच राहिलं.
"इथं पाणी वीतभर. खाली सगळा गाळच.
म्हणून तर येतात."

आणि वळणापलीकडे
माझ्या सगळ्या घटीवर
एकेका पायावर उभे होते रोहित.
दोनशे? अडीचशे? मोजायला लागलो,
चुकलो, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चुकलो.
चोची उलट्या करून ते खाली काहीतरी
ओळ न सोडता वाचत होते.
वर कुणी पाहिलं नाही.

परतीला वारा समोरून. खांदे भरून आले.
सुगंधा धाकट्या भावाच्या भरतीबद्दल सांगत होती,
उंचीत एक सेंटीमीटर कमी पडला म्हणे.
मी हं हं करत राहिलो.

काठाला उतरताना पाय गेला, घोट्याच्या वर.
गार, मऊ, कसलीही घाई नसलेलं
बोटांच्या फटींतून वर आलं.
तिनं हात पुढे केला.
थांब, म्हटलं, थांब जरा.
चप्पल आत राहिली आहे.