दुसरा वाटा

काजूच्या टरफलांचं तेल लागून माझी बोटं आता काळी.
पूर्वी त्याच बोटांना बेसच्या तारांचे घट्टे होते.

बँडचं नाव शेवंड.
पहिला अल्बम आम्ही पाच जणांनी काढला, त्याचं नाव गंज.
बावीस वर्षांचे होतो, म्हणजे जगावर रागावलेले.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभं राहून
समुद्राला जाब विचारायचो मायनर स्केलमध्ये.
समुद्र कशाला उत्तर देतोय.
तीनशे सीड्या काढल्या, त्यातल्या दोनशे चाळीस अजून
बस्त्यावच्या पोटमाळ्यावर, कोकमाच्या डब्यांशेजारी.

मग मी सुटलो. भांडण नाही, काही नाही.
वडिलांचं काजूचं युनिट, जुना बॉयलर, बारा बायका कामाला,
आणि शनिवारचा पगार कुठल्याच तालात थांबत नाही.

काल रात्री चौघं आले. पेन ड्राइव्ह घेऊन.
माझ्या टेम्पोत दाटीवाटीने बसलो, काचा वर केल्या.
‘आयक,’ लवू तांडेल म्हणाला,
‘आणि मधीच तोंड उघडू नको हां.’

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात केलंय रेकॉर्डिंग.
ऐकू येतं ते: भिंतींना अजून थोडी थंडी आहे,
आणि त्या थंडीत चार माणसं घामाघूम.
पहिल्या गाण्यात बस्त्याव चार आकडे मोजतो,
चौथ्यावर कुणीतरी शिंकतं. ठेवलंय तसंच.
आणि मग गिटार अशी उसळते
जशी ओल्या वाळूवर जाळं सुटल्यावर तारली.

कौमुदीची मावशी सत्तेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकते,
दाभोलीच्या उतारावर ब्रेक विसरते,
त्यावर एक गाणं आहे, साडेचार मिनिटांचं,
उतार संपतच नाही.
एक गाणं लाइट जाण्याबद्दल.
त्यात कुणी तक्रार करत नाही,
अंधारात सगळी आळी अंगणात येते एवढंच.

मुफीद पूर्वी येत होते तेवढे सगळे स्वर वाजवायचा,
पाहुण्यांना फोटोंचा अल्बम दाखवावा तसा.
आता सातच वाजवतो.
मधल्या मोकळ्या जागेत आपण जाऊन बसावं, इतकी हवा.
लवू ओरडत नाही. हाक मारतो,
समोरची होडी ओळखीची असल्यासारखी.

खरं सांगू? तिसऱ्या गाण्यापर्यंत मी चूक शोधत होतो.
माझ्या जागी कुणाला घेतलं नाही म्हणाले,
कौमुदीचा डावा हात सांभाळतो बेस.
सांभाळतो कसला, नाचतो.
सहाव्या गाण्यात सापडली एकदाची:
बस्त्याव अर्धी मात्रा आधी येतो.
पण इतका आनंदाने आधी येतो
की त्याला काय बोलणार.

शेवटचं गाणं, वाटे.
एक गिटार पार डावीकडे, एक पार उजवीकडे,
रापणीच्या दोन दोऱ्यांसारख्या,
ओढत ओढत हळूहळू जवळ येणाऱ्या.
माझा उजवा स्पीकर फाटका, तरी कळलं.
मधोमध भेटतात तेव्हा ड्रम थांबतो,
आणि लवू नुसत्या आवाजात मासळी वाटतो:
हा होडीचा, हा जाळ्याचा,
हा तात्यांचा, ज्यांना आता पाण्यात उतरवत नाही,
हा वाटेने जाणाऱ्या मास्तरांचा,
दोरीला हात लावला त्याला वाटा.

मी माझं नाव येईल म्हणून कान लावून होतो.
आलं नाही.
टेम्पोत कुणी बोललं नाही. मुफीदने काच खाली केली,
खाडीचा वास आत आला.
मी म्हणालो, परत लाव.

आज सकाळी युनिटवर लावला, बॉयलरच्या वरताण आवाजात.
भागीरथीने मान वर न करता विचारलं,
‘ह्या कोणाचा गाणा ओ?’
‘आमचा,’ म्हणालो, आणि जीभ चावली.
तिने बहुतेक ऐकलं नाही.
सहावं गाणं चालू होतं,
काजू फोडायच्या यंत्राचा तिचा दांडा
अर्धी मात्रा आधी पडत होता.