काही नाही

बाहेर उणे एकतीस. थंडर बेमधल्या माझ्या तळघरात
जुना व्हीसीआर तेवढा ऊब धरून आहे.
टूलिक्कीबाईंनी किराण्याच्या पिशवीतून आणल्या
अकरा कॅसेटी. लेबलांवर ओइव्हाचं अक्षर :
‘जाळी, जानेवारी’, ‘सौनाचं छप्पर’,
‘मुस्ती आजारी’, ‘काही नाही’.

‘साफ करून दे, डॅरिल,’ म्हणाल्या,
जणू मासळीच ठेवली टेबलावर.

आधी बुरशी. मग फीत एकदा पार पुढे, पार मागे,
आळस दिल्यासारखी मोकळी व्हावी म्हणून.
हेडवर स्पिरिटचा हात – आडवाच, उभा कधी नाही.
पिवळ्या वायरीला रजा : तिच्यात रंग आणि उजेड
एकाच बोळातून धक्काबुक्की करत येतात.
एस-व्हिडिओत दोघांना आपापली वाट.
मग टाइम बेस करेक्टर. चित्राची प्रत्येक ओळ,
कुणी उशिरा आलेली, कुणी लवकर,
तो उंबऱ्यावर थोपवतो, वेळेवर आत सोडतो.
दारांच्या चौकटी सरळ होतात.

ओइव्हा काटकसरी. दोन तासांच्या फितीत
सहा तास कोंबलेले. त्याला इलाज नाही.
मी निदान एका डीव्हीडीत एकच तास ठेवतो.
आणखी कुणाला चेपत नाही.

सातव्या कॅसेटमध्ये गोठलेलं सरोवर
आणि सगळ्या पडद्यावर मुंग्या, करड्या मुंग्या.
फिल्टर लावला. पूर्ण.
मुंग्या गेल्या. आभाळ घासलेल्या ताटासारखं.
मला माझंच कौतुक वाटलं, बाईंना हाक मारली.

त्या बघत राहिल्या. मग :
‘मी टोपी का झटकतेय?’

खरंच. कोरड्या आभाळाखाली एक तरुण बाई
टोपी झटकत होती, पापण्या पुसत होती,
जीभ बाहेर काढून, मान उंचावून
झेलत होती, हसत होती,
आणि वरून काहीच येत नव्हतं.

यंत्राला काय कळणार
कुठला ठिपका फितीचा, कुठला ढगाचा.
जे एका क्षणापुरतं असतं
ते त्याच्या लेखी मळ.

फिल्टर उतरवत आणला. आठ. पाच. तीन.
आधी मुंग्या परतल्या,
मग त्यांच्यामधूनच, तिरपा, सावकाश,
बर्फ.
‘हं,’ बाई म्हणाल्या. ‘वारा तिकडूनच होता.’

नवव्या कॅसेटमध्ये बहिणीचं लग्न. तीन मिनिटं.
मग एकदम हॉकीचा सामना, जादा वेळेसकट.
मी विचारलं नाही. त्याच म्हणाल्या,
‘चुकीचं बटण मीच दाबलं. आठ दिवस अबोला धरला त्यानं,
मग सामनाच लावून बसला.’

चित्राच्या तळाशी फाटक्या पदरासारखी
एक पट्टी सळसळत असते. मी ती नेहमी कापतो.
इथे तिला टेकून मुस्ती झोपलेली, शेपूट पट्टीत.
राहू दिली.

‘काही नाही’ शेवटी लावली.
कॅमेरा खिडकीत विसरलेला, चालूच.
चाळीस मिनिटं अंगण, लाकडाचा ढीग, अंधारणं.
चित्राबाहेर कुणी बशा विसळतंय,
कुणी शीळ घालतंय, सूर सोडून.
फितीची खरखर त्याहून मोठी. माझा हात बटणाकडे गेला.

टूलिक्कीबाई वेलदोड्याचा पाव कापत होत्या,
माझ्याकडे न बघता, सुरीनंच,
राहू दे अशी खूण केली.

डिस्कवर काय लिहू, विचारलं.
‘त्यानं लिहिलंय तेच.’