सीझन नसताना

महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आमचं लॉज.
बावीस खोल्या, एक गच्ची, एक बंब.
ऑफ सीझन म्हणजे काय ते मला सांगू नका.
पितृपक्षात मी गाद्या उन्हात टाकतो,
बारावीच्या परीक्षेत पोऱ्याला गावी धाडतो,
आणि काउंटरवर बसून किल्ल्या मोजतो,
सगळ्याच्या सगळ्या, बावीस.

पण समुद्राचा ऑफ सीझन पाहिला
तो ह्या जानेवारीत, पहिल्यांदा.
आमची मुक्ता माल्टात नर्स आहे.
तिकीट स्वस्त म्हणून तिनं बोलावलं,
मग तिलाच लागली नाईट ड्यूटी,
आणि मला दिलं बोटीत बसवून, गोझोला.
"अण्णा, तीनच दिवस. मालकाला सांगितलंय, तुम्ही तिखट खाता."

बेट बंद होतं.
खुर्च्या टेबलांवर पालथ्या, पाय वर करून.
आइस्क्रीमच्या गाडीवर ताडपत्री,
दोरीची गाठ अगदी आपल्या उसाच्या ट्रॉलीवरची.
गुळाच्या रंगाचा दगड. घरं त्याची, चर्च त्याचं, बांधही त्याचेच,
बांधावर आपला फड्या निवडुंग,
आणि वाऱ्यात कुणाचं तरी शटर
रात्रभर धाडधाड.
(हात शिवशिवत होते माझे. एक पाचर ठोकली असती तर भागलं असतं.)

सोळा खोल्यांत मी एकटा.
मालक साल्वू, माझ्याच वयाचा, गुडघेही माझ्यासारखेच,
अंगणात होडी ओढून
तिच्या नाकाडावरचे दोन डोळे रंगवत बसलेला.
बोलायला भाषा नव्हती.
त्यानं किल्ल्यांचा फळा दाखवला.
एकच खिळा रिकामा होता, माझा.
मी हसलो. तोही हसला.
धंदा कळला एकमेकांचा.

निघायच्या दिवशी वारा उठला, बोट बंद.
दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्याही.
साल्वूची बायको पावट्यासारख्या कसल्या दाण्यांचं कालवण करी,
वरनं एक अंडं सोडी,
आणि मी खाईपर्यंत दारात उभी राही.
चौथ्या दिवशी मी पाकीट काढलं.
त्यानं तीन बोटं दाखवली.
मी सहा.
त्यानं समुद्राकडं हात केला:
उरलेले त्याच्याकडनं घेईन.

बोटीत मला टोंपे आठवले.

एकोणीसचा ऑगस्ट.
शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली, शुक्रवार पेठेत होड्या,
दूध नाही, पेट्रोल नाही,
जिकडं तिकडं पाणी आणि नळ कोरडे.
कोल्हापूरचं बेट झालेलं.
बावीस खोल्यांत एक गिऱ्हाईक,
हिंगोलीचे, बियाण्यांच्या कंपनीचे,
दोन दिवसांसाठी आले ते नऊ दिवस राहिले.
मी बिल केलं नऊ दिवसांचं.
टँकरचे वेगळे लावले.
त्यांनी पाकीट पालथं करून दिले, बोलले काही नाहीत.
हिशेब बरोबर होता.
तेच तर.

काल माळ्यावरनं जुनं रजिस्टर काढलं,
फोन लावला.
"कोण? कोल्हापूर? अहो, कसे आहात!"
मी बिलाचं काढलं.
"कसलं बिल?" म्हणाले.
खरंच विसरले की विसरल्यासारखं केलं,
फोनवर चेहरा दिसत नाही.
त्यांना आठवत होती गच्ची,
हेलिकॉप्टर गेलं की आपण दोघं हात हलवायचो ते,
आणि स्टोव्हवरचा मऊ भात, लिंबाचं लोणचं.
"पोरीला अजून सांगतो," म्हणाले,
"येईन एकदा तिला घेऊन. सीझन नसेल तेव्हा."

म्हटलं, या. भाद्रपदात या.
सात नंबरच ठेवतो, गच्चीला लागून.
तिचा नळ गळायचा,
तुम्ही होतात तेव्हासुद्धा, नऊच्या नऊ रात्री.
आज वॉशर बदलला.